राज्यांची सभा की राज्याची सभा? बहुभाषिक राष्ट्रातील द्वितीय सभागृहाची चिकित्सा

द्विसभागृही संसदेचे विवेचन करताना आपल्याकडील राज्यशास्त्राचे ग्रंथ बहुधा दोन समर्थने पुढे मांडतात. पहिले असे की, लोकनियुक्त सभागृहाच्या उतावीळपणास दुसऱ्या सभागृहामुळे आवर बसतो. दुसरे असे की, संघराज्यातील घटकांना घटक या नात्याने स्वतःचा आवाज मिळतो. ज्या राष्ट्रात अनेक भाषिक व वांशिक समाज एकत्र नांदतात, तेथे या दुसऱ्या समर्थनास विशेष वजन प्राप्त होते. पहिल्या सभागृहात संख्येचे राज्य चालते, तेव्हा अल्पसंख्य समाजांनी आपल्या हिताच्या रक्षणासाठी दुसऱ्या सभागृहाकडे पाहावे, असा त्यामागील विचार आहे.

हा विचार एका गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक क्वचितच तपासले जाते. समाजाची सीमा आणि घटकराज्याची सीमा एकच असते, असे ते गृहीतक होय. ही सीमा जेथे जुळत नाही तेथे दुसरे सभागृह कोणाचे रक्षण करते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या परीक्षणासाठी मराठवाड्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. आज ज्यास आपण हिंगोली जिल्हा म्हणतो तो प्रदेश परभणी जिल्ह्याचा भाग असताना १९५६ पर्यंत त्रिभाषिक हैदराबाद राज्यात होता. त्यानंतर साडेतीन वर्षे तो द्विभाषिक मुंबई राज्यात राहिला व १ मे १९६० पासून एकभाषिक महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. घटकराज्याच्या सीमा त्याच्याभोवती अशा बदलत गेल्या, पण तेथील भाषा व समाज आपापल्या जागी राहिले. म्हणूनच राज्यसभेच्या सिद्धांताची कसोटी येथे चांगली लागते.

आरंभ नावापासूनच करणे योग्य होईल. राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात या सभागृहास ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’ म्हटले आहे. त्यातील ‘स्टेट्स’ हे पद अनेकवचनी आहे. २३ ऑगस्ट १९५४ रोजी सभापतींनी सभागृहाचे हिंदी नाव ‘राज्यसभा’ राहील असे घोषित केले. हा षष्ठी तत्पुरुष समास आहे, आणि समासात पूर्वपदाच्या विभक्तिप्रत्ययाचा लोप होतो, हे पाणिनीपासून सर्वांना ठाऊक आहे. प्रत्ययाबरोबर वचनही नाहीसे होते. ‘राज्यांची सभा’ आणि ‘राज्याची सभा’ हे दोन्ही विग्रह ‘राज्यसभा’ या शब्दातून निघू शकतात. स्वित्झर्लंडच्या द्वितीय सभागृहाच्या जर्मन व फ्रेंच या दोन्ही नावांत अनेकवचन टिकून आहे. आपल्या घटनेच्या पहिल्या अनुच्छेदातही भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे असे वचनासह म्हटले आहे. दुसऱ्या सभागृहाच्या नावातून मात्र ते गळाले. नाव बदलल्याने संस्था बदलली असा दावा येथे करावयाचा नाही. व्याकरणास एवढी शक्ती नसते. परंतु या सभागृहाचे वर्तन अभ्यासताना कोणता विग्रह अधिक खरा ठरतो हे पाहणे उपयुक्त ठरेल.

या सभागृहाची रचना प्रथम लक्षात घेऊ. त्याची सदस्यसंख्या २४५ असून त्यांपैकी २३३ निर्वाचित व १२ राष्ट्रपतिनियुक्त आहेत. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्यास समान जागा असतात. तो मार्ग आपल्या घटनाकारांनी स्वीकारला नाही. पहिल्या ५० लक्ष लोकसंख्येपर्यंत दर १० लक्षांस एक व पुढे दर २० लक्षांस एक जागा, असे सूत्र ठरले. त्यामुळे लहान राज्यांस थोडे झुकते माप मिळाले, समानता मिळाली नाही. उत्तर प्रदेशास ३१, महाराष्ट्रास १९ व गोव्यास १ जागा आहे. सिक्कीम धरून ईशान्येच्या आठ राज्यांच्या जागा मिळून १४ होतात. भारतातील भाषिक व वांशिक वैविध्याचा सर्वांत दाट पट्टा जो आहे, त्याचा एकत्रित आवाज एकट्या उत्तर प्रदेशाच्या निम्म्याहूनही कमी आहे.

अधिकारांची मांडणीही याच दिशेने जाते. धनविधेयकाच्या बाबतीत राज्यसभा केवळ शिफारस करू शकते, व तीही १४ दिवसांच्या आत. सामान्य विधेयकावर मतभेद झाल्यास संयुक्त बैठकीत लोकसभेची संख्या निर्णायक ठरते. अशा बैठका १९६१, १९७८ व २००२ या तीन साली झाल्या. घटनादुरुस्तीपुरती मात्र दोन्ही सभागृहे समबल आहेत. ज्या दोन विषयांत राज्यसभेस विशेष अधिकार आहे ते पाहिले म्हणजे मौज वाटते. अनुच्छेद २४९ अन्वये ती राज्यसूचीतील विषयावर कायदा करण्याची मुभा संसदेस देऊ शकते; अनुच्छेद ३१२ अन्वये नव्या अखिल भारतीय सेवा निर्माण करण्याचा मार्ग ती मोकळा करते. राज्यांच्या तिजोरीची किल्ली राज्यांच्या सभागृहाकडे सोपविली आहे हे खरे. पण ती किल्ली केवळ उघडण्याच्या कामी येते, कुलूप लावण्याच्या कामी येत नाही.

एवढ्या पूर्वपीठिकेनंतर पहिल्या कसोटीकडे वळू. ती आहे बहुभाषिक घटकराज्यातील भाषिक अल्पसंख्य समाजाची. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याची विधानसभा १७५ सदस्यांची होती. राज्यात तेलुगु भाषकांचे प्राबल्य होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी, तर गुलबर्गा, रायचूर व बीदर हे तीन प्राधान्याने कन्नड. राज्यसभेत हैदराबादला ११ जागा होत्या. त्या सर्व ‘हैदराबाद’ या एका नावाने होत्या. तेलुगु, मराठी वा कन्नड असा भेद घटनेस ज्ञात नव्हता. तथापि घटनेने एक वाट ठेवली होती, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अनुच्छेद ८० प्रमाणे राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वानुसार एकल संक्रमणीय मताने होते. या पद्धतीत निवडून येण्यास लागणारा कोटा काढताना प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, एकूण मूल्यास जागांच्या संख्येत एक मिळवून भागतात, आणि भागाकाराच्या पूर्णांकात एक मिळवितात. १७५ सदस्य व ११ जागा असतील तर कोटा १,४५९ येतो. म्हणजे १५ आमदार एकत्र आले की एक सदस्य निश्चित निवडून येतो. पाच जिल्ह्यांचे आमदार १५ हून कितीतरी अधिक होते. याचा अर्थ असा की, घटनेने भाषिक गटास नावाने जागा दिली नसली तरी गणिताने दिली होती.

परंतु हे गणित पहिल्याच निवडणुकीपुरते अनुकूल होते. राज्यसभा हे स्थायी सभागृह असल्याने दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. ११ जागांपैकी एका वेळी ४ जागा रिक्त झाल्या तर कोटा ३,५०१ होतो, म्हणजे ३६ आमदार लागतात. ३ जागा असतील तर ४४ लागतात. सभागृहास सातत्य मिळावे म्हणून केलेल्या या व्यवस्थेचा दुसरा परिणाम असा झाला की, अल्पसंख्य गटास लागणारे बळ एकदम अडीच ते तीन पट वाढले. द्वितीय सभागृहाचे स्थैर्य आणि त्यातील प्रतिनिधित्वाची सूक्ष्मता या दोन गुणांत विरोध आहे, हे तत्त्व येथे आकड्यांनी सिद्ध होते. पाठ्यपुस्तकांत मात्र हे दोन्ही गुण एकाच श्वासात सांगितलेले आढळतात.

हैदराबादच्या मराठी जिल्ह्यांचा प्रश्न पुढे राज्यपुनर्रचनेने सुटला. त्यात राज्यसभेचा राज्यांचे सभागृह म्हणून कितपत वाटा होता? अनुच्छेद ३ अन्वये नवे राज्य निर्माण करणे, सीमा बदलणे, अस्तित्वात असलेले राज्य मोडणे हे सर्व संसद साध्या बहुमताने करू शकते. अनुच्छेद ४ प्रमाणे ती घटनादुरुस्तीही मानली जात नाही. संबंधित राज्याच्या विधानमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते, आणि १९५५ च्या पाचव्या दुरुस्तीने त्यास मुदतही घालता येऊ लागली. मुंबई राज्याच्या बाबतीत याचे टोक दिसले. मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात व केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. संसदेने त्यात दुरुस्ती करून एकच द्विभाषिक राज्य केले. या नव्या योजनेवर मुंबई विधानमंडळाचे मत पुन्हा घेतले नाही, म्हणून कायद्यास आव्हान दिले गेले. बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विधेयकात दुरुस्ती झाली तरी नव्याने मत मागविण्याची आवश्यकता नाही. मराठी भाषक प्रदेशाच्या भवितव्याचा निर्णय अशा रीतीने, त्या प्रदेशाने ज्यावर मत दिलेच नव्हते अशा योजनेनुसार, वैध ठरला.

हा अधिकार पुढेही याच रीतीने वापरला गेला. आंध्र प्रदेशाच्या विधानमंडळाने विभाजनाचे विधेयक नाकारल्यानंतरही फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर करणारे विधेयक प्रथम राज्यसभेतच मांडले गेले व त्याच दिवशी तेथे संमत झाले. राज्याची विधानसभा त्या वेळी विसर्जित होती. या निर्णयांच्या इष्टानिष्टतेविषयी मतभेद राहतील. रचनेच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. एखाद्या राज्याचे अस्तित्व संपुष्टात येत असता इतर राज्यांच्या प्रतिनिधींपेक्षा त्या राज्याच्या प्रतिनिधींच्या मतास अधिक किंमत असावी, असे आपल्या ‘राज्यांच्या सभेस’ वाटत नाही.

दुसरी कसोटी एकभाषिक घटकराज्यातील मागासलेल्या प्रदेशाची आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाडा यांना विकासनिधी, शिक्षण व नोकऱ्या यांत न्याय्य वाटा देण्याचे मान्य झाले होते. १९५५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भाषिक राज्यांविषयीच्या आपल्या पुस्तकात मराठी प्रदेशाचे चार भाग सुचविले. त्यांतील एक मराठवाड्याचा होता. डॉ. आंबेडकर त्या वेळी मुंबई राज्यातून निवडून आलेले राज्यसभेचे सदस्य होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये प्रादेशिक विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे १९९४ साली अस्तित्वात आली व ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. प्रदेशास संरक्षण हवे, हे घटनेस मान्य होते. पण ते संरक्षण राज्यपालांच्या विशेष जबाबदारीतून द्यावे असे ठरले, द्वितीय सभागृहातून नव्हे.

तथापि गणिताची वाट येथेही उघडी होती. महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या २८८ असून मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ४६ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी वसमत, कळमनुरी व हिंगोली हे तीन हिंगोली जिल्ह्यातील होत. राज्यसभेच्या १९ जागांची निवडणूक दोन वेळा ६ व एक वेळा ७ अशा क्रमाने होते. ६ जागा असता कोटा ४,११५, म्हणजे ४२ आमदार. ७ जागा असता ३,६०१, म्हणजे ३७ आमदार. मराठवाड्याचे ४६ आमदार प्रदेश म्हणून एकत्र मतदान करतील तर प्रत्येक फेरीत एक, म्हणजे सहा वर्षांत तीन सदस्य त्यांना निश्चित निवडता येतील. विधानसभेत या प्रदेशाचा वाटा सुमारे १६ टक्के आहे, आणि १९ पैकी ३ म्हणजेही जवळजवळ तेवढेच. निवडणुकीची पद्धती किती विचारपूर्वक निवडली गेली होती याचे याहून चांगले प्रत्यंतर शोधावे लागणार नाही. एवढेच नव्हे, १९ जागा एकाच वेळी भरल्या असत्या तर कोटा केवळ १५ आमदारांचा झाला असता. नांदेड, परभणी व हिंगोली या तीन जिल्ह्यांचे मिळून १६ आमदार आहेत!

व्यवहारात असे का घडत नाही, याचे उत्तर पक्षव्यवस्थेत आहे, आणि २००३ नंतर ते कायद्यातही आहे. त्या वर्षीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या दुरुस्तीने दोन बदल झाले. उमेदवार त्या राज्यातील मतदार असला पाहिजे ही अट काढून तो भारतातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी पुरे, असे ठरले. आणि गुप्त मतदानाऐवजी खुले मतदान आले, ज्यात पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीस दाखवावयाची असते. या दुरुस्तीस कुलदीप नय्यर यांनी आव्हान दिले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. निवासाची अट हे संघराज्याचे मूलतत्त्व नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या निर्णयाच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. पहिली, निवासाची अट २००३ पूर्वीही पुष्कळदा औपचारिकच होती, डॉ. मनमोहन सिंग हे १९९१ पासून आसामचे सदस्य होते, त्यासाठी आसामच्या मतदारयादीत नाव असणे पुरेसे झाले. दुसरी, गुप्त मतदानात पैशाने मते फिरविली जातात ही तक्रार निराधार नव्हती. परंतु औषधाने रोगाबरोबर रोग्याची शक्तीही गेली काय, हे पाहिले पाहिजे. एकल संक्रमणीय मताचे सारे मर्म मतदाराच्या स्वतंत्र पसंतिक्रमात आहे. मतपत्रिका पक्षाच्या डोळ्यांखाली भरावयाची असेल तर ही पद्धती पक्षांच्या बळाचा हिशेब मांडणारे यंत्र होते. प्रदेश, भाषा वा समाज यांच्या आधारे आमदारांनी एकत्र येण्याची जी शक्यता तिच्यात होती ती उरत नाही. पक्षाविरुद्ध मत दिल्याने पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जात नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले असले तरी पुढील उमेदवारी ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर मतपत्रिका धरणाऱ्या आमदारास हे आश्वासन अपुरेच वाटणार.

याचा पुढचा टप्पा म्हणजे बिनविरोध निवडणूक. पक्षांचे बळ आधीच ठाऊक असल्याने जागांएवढेच उमेदवार उभे राहतात आणि मतदानाची वेळच येत नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राच्या सात जागा अशाच भरल्या गेल्या. त्या सातांत कळमनुरीचे राजीव सातव होते. २०१४ ते २०१९ या काळात ते हिंगोलीचे लोकसभा सदस्य होते. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी शेतमालाचा व्यापार व करारशेती यांविषयीची दोन विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधी सदस्यांनी मागितलेली मतविभागणी झाली नाही. दुसऱ्या दिवशी गैरवर्तनाच्या कारणावरून आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत सातव होते. शेती व बाजार हे राज्यसूचीतील विषय. केंद्राने समवर्ती सूचीतील अन्नधान्याच्या व्यापाराच्या नोंदीचा आधार घेतला होता. दोन्ही बाजूंच्या वर्तनाविषयी वाचक आपापले मत बनवोत. येथे ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की, राज्यसूचीची सीमा कोठे संपते हा प्रश्न, जो राज्यांच्या सभागृहाचा खास प्रश्न होय, तो मते न मोजता निकालात निघाला. कोणत्या राज्याचे सदस्य कोणत्या बाजूस होते याची नोंद इतिहासास मिळाली नाही. हे कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने रद्द केले. त्यापूर्वी १६ मे २०२१ रोजी सातव यांचे निधन झाले होते. त्यांच्या जागी झालेली पोटनिवडणूकही बिनविरोध पार पडली. पोटनिवडणुकीत जागा एकच असते, म्हणून तीत प्रमाणशीर पद्धतीस अर्थच राहत नाही. निम्म्याहून अधिक मते लागतात.

राज्यसभेने सरकारास कधीच अडविले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ५ सप्टेंबर १९७० रोजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी घटनादुरुस्ती १४९ विरुद्ध ७५ मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशास एक मत कमी पडून, तेथे फेटाळली गेली. १९८९ साली पंचायत राज्याविषयीची चौसष्टावी दुरुस्तीही तेथेच अडली. पण या दोन्ही प्रसंगी अडथळा आला तो पक्षबळाच्या फरकातून. राज्ये एका बाजूस व केंद्र दुसऱ्या बाजूस, अशी ती विभागणी नव्हती.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या द्वितीय सभागृहाकडे पाहिले तर एक वेगळाच विरोधाभास दिसतो. ७८ सदस्यांच्या विधानपरिषदेत ७ पदवीधरांचे व ७ शिक्षकांचे मतदारसंघ आहेत, आणि औरंगाबाद विभागाचे हे दोन मतदारसंघ मराठवाड्याचे आठही जिल्हे व्यापतात. संपूर्ण मराठवाडा एक मतदारसंघ म्हणून जेथे मतदान करतो अशी जागा याखेरीज दुसरी नाही. परंतु तेथे मतदार होण्यास पदवी लागते किंवा शिक्षकाचा पेशा. प्रदेशाची अखंडता मान्य झाली ती प्रदेशातील बहुसंख्य लोकांना बाहेर ठेवूनच.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे. जो समाज कोणत्याच राज्यात बहुसंख्य नाही व अनेक राज्यांत विखुरला आहे, त्याचे काय? हिंगोली जिल्ह्यातील बंजारा तांडे हे त्याचे उदाहरण. जुने हैदराबाद राज्य तीन राज्यांत वाटले गेले तेव्हा हा समाजही तिन्हींत वाटला गेला. आज तेलंगण व आंध्र प्रदेशात लंबाडा अनुसूचित जमातींत मोडतात, कर्नाटकात लमाणी अनुसूचित जातींत, आणि महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत. एकच भाषा बोलणाऱ्या, एकमेकांशी सोयरीक असणाऱ्या लोकांना तीन राज्यांत तीन कायदेशीर नावे मिळाली. हा प्रश्न स्वभावतः एका राज्याच्या कक्षेबाहेरचा आहे, म्हणून तो संसदेच्या द्वितीय सभागृहाचा असावयास पाहिजे. पण ज्या सभागृहाचे एकक ‘राज्य’ आहे तेथे राज्यांमध्ये विभागलेल्या समाजास एकक म्हणून उभे राहता येत नाही.

भाषेच्या बाबतीतही हेच घडले आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात बंजारी किंवा लभाणी हिचे वर्णन भिली भाषा व खानदेशी यांच्याबरोबर एका खंडात केले. तिचे राजस्थानी भाषांशी असलेले नाते सुपरिचित आहे. जनगणनेत मात्र बंजारी व लमाणी-लंबाडी या मातृभाषा ‘हिंदी’ या शीर्षाखाली गणल्या जातात. आता अनुच्छेद १२० पाहावा. संसदेचे काम हिंदीत वा इंग्रजीत चालेल. ज्यास या दोहोंपैकी कोणत्याही भाषेत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्यास पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची अनुज्ञा देऊ शकतील, असे त्यात म्हटले आहे. यातील दोन शब्द विचार करावयास लावणारे आहेत. ‘अनुज्ञा’ या शब्दाने मातृभाषा हा हक्क न राहता सवलत झाली, आणि तीही असमर्थतेच्या कबुलीवर अवलंबून. उलट ‘मातृभाषा’ हा शब्द उदार आहे. त्यास आठव्या अनुसूचीचे बंधन नाही. २०१८ साली राज्यसभेने अनुसूचीतील सर्व २२ भाषांत तात्काळ भाषांतराची सोय केली. मराठी, कोकणी, संताळी या भाषांत तेथे बोलता येते, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु घटनेच्या पाठात जी सीमा नव्हती ती सोयीत आली: मातृभाषेची जागा अनुसूचित भाषेने घेतली. तांड्यावरील एखादा कार्यकर्ता उद्या त्या सभागृहात गेला तर त्याची भाषा तेथे ऐकणारा भाषांतरकार नाही, आणि ती हिंदीच आहे असे सांगणारा जनगणनेचा तक्ता मात्र आहे.

मग द्वितीय सभागृहात समाजांना नावानिशी जागा द्याव्यात काय? अन्य देशांचा अनुभव येथे सावध करणारा आहे. बोस्निया-हर्झेगोविनाच्या १९९५ च्या घटनेने ‘जनतांचे सभागृह’ स्थापिले. त्यात बोस्नियाक, क्रोएट व सर्ब यांचे प्रत्येकी पाच सदस्य असतात. शांतता टिकविण्यास ही रचना आवश्यक होती असे तिचे समर्थक म्हणतात. पण जो या तिहींपैकी कोणीच नाही त्यास तेथे उभेही राहता येत नाही. एक रोमा व एक ज्यू नागरिक याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, आणि २००९ साली न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरविली. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेने संघीय सभागृहात प्रत्येक राष्ट्रकास किमान एक व दर दहा लक्षांमागे आणखी एक जागा दिली, शिवाय घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकारही दिला. तरीही तेथे वांशिक संघर्ष यादवी युद्धापर्यंत गेला. समाजाची यादी घटनेत गोठविली की यादीबाहेरचा समाज कायमचा बाहेर राहतो, आणि यादीतील समाजांमधील सीमा अधिकच कठीण होतात.

स्वित्झर्लंडने निराळी वाट धरली. तेथील द्वितीय सभागृहात ४६ जागा असून वीस प्रांतांस दोन व सहा प्रांतांस एक जागा आहे. कोणत्याही भाषेच्या नावाने जागा नाही. परंतु सीमा जेथे चुकली तेथे सीमाच बदलण्याचा मार्ग संबंधित लोकांच्या हाती ठेवला आहे. जर्मनबहुल बर्न प्रांतातील फ्रेंच भाषक जुराचा प्रश्न क्रमाक्रमाने घेतलेल्या स्थानिक मतदानांनी व १९७८ च्या राष्ट्रव्यापी मतदानाने सुटला, आणि १ जानेवारी १९७९ रोजी जुरा स्वतंत्र प्रांत झाला. जुराची स्थिती व १९५६ पूर्वीच्या मराठवाड्याची स्थिती यांत बरेच साम्य आहे. भेद आहे तो निर्णय कोणी केला यात.

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष येणेप्रमाणे मांडता येईल. आपल्या राज्यसभेचा दोष तिने समाजांना नावानिशी जागा दिल्या नाहीत हा नव्हे. बोस्नियाचा अनुभव पाहता तो गुणच म्हणावा लागेल. तिच्या निवडणूक पद्धतीत समाजांनी व प्रदेशांनी आवश्यकतेनुसार एकत्र यावे व प्रसंग संपताच विखरून जावे, अशी लवचीक शक्यता होती. ही शक्यता द्वैवार्षिक निवृत्तीने आकुंचित केली, पक्षव्यवस्थेने झाकून टाकली आणि २००३ च्या दुरुस्तीने जवळजवळ संपविली. म्हणून सुधारणेची दिशाही तिकडेच असावयास पाहिजे. जागा तीनऐवजी दोन फेऱ्यांत, दर तीन वर्षांनी भरल्या तर महाराष्ट्रात कोटा २७ ते २९ आमदारांवर येईल आणि सभागृहाचे सातत्यही बिघडणार नाही. मतदानात पैशाचा प्रतिबंध हवा, पण तो निवडणूक आयोगाच्या देखरेखीने व्हावा; पक्षप्रतिनिधीस मतपत्रिका दाखविणे हा त्याचा उपाय नव्हे. अनुच्छेद १२० मधील मातृभाषा हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने वाचला जावा. आणि अनुच्छेद ३ खालील विधेयकावर ज्या राज्याची सीमा बदलते त्याच्या सदस्यांची मते निदान स्वतंत्रपणे मोजून नोंदविली जावीत.

यांतील शेवटच्या दोन सूचनांना घटनादुरुस्तीची गरज नाही. सभागृहाचे नियम व त्याची इच्छा पुरेशी आहे. पहिलीस मात्र घटनादुरुस्ती लागेल व दुसरी संसदेस कायद्याने करावी लागेल, आणि ज्या पक्षांना सध्याच्या व्यवस्थेचा लाभ होतो त्यांच्याच मतांनी. पदव्युत्तर अभ्यासकांना या विषयात बरेच काम करण्यासारखे आहे. १९५२ पासून मराठवाड्यातून कोण राज्यसभेत गेले, कोणत्या फेरीत प्रत्यक्ष मतदान झाले व किती वेळा जागा बिनविरोध भरल्या, तेथे मराठीत किती भाषणे झाली, याचा जिल्हावार तक्ता कोणी तयार करील तर ‘राज्यसभा’ या समासाचा कोणता विग्रह व्यवहारात खरा ठरला, याचे उत्तर अनुमानावर सोडावे लागणार नाही.